३६ व्होल्टच्या जुन्या गाडीत हात घालण्याआधी

"३६ व्होल्टनं काय होतंय, शॉक तर बसत नाही की." हे वाक्य बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये, मच्छ्यात, खानापूर रोडच्या नर्सऱ्यांत, सगळीकडं ऐकायला मिळतंय, शेडमधली कन्नड पोरं पण तेच सांगतात, "शॉक होडियंगिल्ला अण्णा." आणि दरवेळी मला हातातलं काम बाजूला ठेवून बोलावंसं वाटतं, कारण शॉक हा बॅटरीवरच्या या जुन्या गाड्यांतला सगळ्यात छोटा धोका आहे. कोरड्या हाताला ३६ व्होल्ट जाणवत पण नाहीत हे खरं. पण घरच्या २३० व्होल्टच्या लाइनीत शॉर्ट झालं तर एमसीबी पडतो, मीटरजवळ फ्यूज असतो, लांबलचक वायरचा रेझिस्टन्स असतो. इथं बॅटरी आणि तुमचा पाना यांच्यामध्ये काहीच नसतं. ६ व्होल्टच्या, २०० अँपिअर-अवरच्या वरच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्यात, धड चार्ज आहेत, आणि पाना टर्मिनलांवर आडवा पडला, तर हजाराच्या वर अँपिअर क्षणात वाहतात, पाना लाल होतो, टर्मिनलचं शिसं वितळून अंगावर उडतं, आणि बॅटरीत गॅस साठलेला असेल तर झाकणासकट ॲसिड तोंडावर येतं.

आधी हे कुठल्या गाड्यांबद्दल आहे ते सांगतो. बागेत काम करायचा बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर ही काय आजची कल्पना नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं १९६९ साली इलेक-ट्रॅक नावाचे असे ट्रॅक्टर बाजारात आणले होते, ३६ व्होल्टवर चालणारे, मोठ्या मॉडेलात ६ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, काही पुढं बॉनेटखाली आणि काही मागं. गवत कापायच्या डेकला प्रत्येक पात्यासाठी वेगळी मोटर, शिवाय एक ३६ व्होल्टचा सॉकेट, त्यावर बाकीची अवजारं चालायची. सत्तरच्या दशकातच जनरल इलेक्ट्रिकनं हा धंदा सोडला, पुढं तो व्हील हॉर्स या ट्रॅक्टर कंपनीकडं गेला. पण पन्नास वर्षं झाली तरी तिकडची माणसं हे ट्रॅक्टर अजून जपून चालवतात, कारण आत सगळं उघडं आणि सरळ आहे, काँटॅक्टर (मोठा करंट जोडायचा-तोडायचा चुंबकाचा स्विच), रेझिस्टर, मोटर, केबल. हातानं दुरुस्त करता येतं.

आपल्याकडं बेळगावात असला ट्रॅक्टर बघायला मिळणं अवघड, पण त्याच जातीची गाडी मिळते. फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये माल हलवायला बॅटरीवरचे प्लॅटफॉर्म ट्रक असायचे, जुने झाले की ते भंगारात निघतात, आणि आपली माणसं हुशार, कुणी त्याला मागं हुक वेल्ड करून ट्रॉली जोडतो, कुणी नर्सरीत कुंड्या आणि माती ओढतो, कुणी फार्महाउसच्या बागेत पाण्याची टाकी फिरवतो. डिझेलचा आवाज नाही, धूर नाही, पॉलीहाउसच्या आत पण जाते. मला या गाड्या फार आवडतात आणि त्या भंगारात जाण्यापेक्षा बागेत फिराव्यात असंच वाटतं, म्हणूनच एवढं लिहायला बसलोय. आतली रचना जवळपास तीच, म्हणून खालचं सगळं दोन्हीला लागू.

हात घालण्याआधी काय करायचं. बोटातली अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा, गळ्यातली साखळी, सगळं काढून खिशात. एका शेडमध्ये मी बघितलंय, पोरगा नट आवळत होता, पाना एका टर्मिनलवर आणि अंगठी मधे सापडून शेजारच्या टर्मिनलला लागली. तिथं फक्त ६ व्होल्ट होते, अख्खे ३६ पण नव्हते. अंगठी काढेपर्यंत कातडी आत चिकटली होती आणि बोटाभोवती पांढरं वळं उमटलं होतं. म्हणून पान्याला पण टोक सोडून बाकी सगळीकडं इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवा, बॅटरीच्या कामाचा पाना वेगळाच ठेवा. डोळ्याला गॉगल हवाच, आणि जवळ साध्या पाण्याची भरलेली बादली. ॲसिड डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडं.

मग गाडी तोडायची, म्हंजे करंट तोडायचा. चावी बंद केली म्हंजे झालं असं समजू नका, चावीनं फक्त काँटॅक्टरची कॉइल बंद होते, बॅटरीच्या केबल जिवंतच असतात. मोठा कनेक्टर असेल तो ओढून काढा, आणि नंतर सहा बॅटऱ्यांच्या बरोबर मधली जोडपट्टी काढून ठेवा, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधली. ३६ चे दोन तुकडे झाले, १८ आणि १८, आणि आता अख्खा पॅक एका चुकीनं शॉर्ट होऊ शकत नाही. काढलेल्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घाला. मागनं कुणी आधुनिक कंट्रोलर बसवला असेल तर त्याच्या आत मोठे कपॅसिटर असतात, बॅटरी काढल्यावर पण ते भरलेलेच राहतात, त्यांना एक बल्ब लावून उतरवल्याशिवाय त्या टर्मिनलला पाना लावू नका.

आता एक गोष्ट जी इलेक्ट्रिशियन लोकं पण विसरतात. घरातले एमसीबी आणि स्विच एसीसाठी असतात. एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळं स्विच उघडताना झालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीचा करंट शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणून धरली जाते, काँटॅक्ट जळतो, प्लॅस्टिक पेटतं. म्हणून घरातला एमसीबी आणून इथं लावू नका. कारमधले छोटे ब्लेड फ्यूज पण नकोत, त्यांच्यावर बहुतेक वेळा ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपला पॅक चार्जिंगच्या वेळी ४३ च्या पुढं जातो. फोर्कलिफ्टमध्ये येतात तसले बोल्टनं आवळायचे फ्यूज घ्या, ८० व्होल्ट डीसी असं छापलेलं बघून घ्या, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका बसवा. फ्यूजच्या आधीच्या केबलला कुणी वाली नसतो.

आणि हाताला येईल असा तोडायचा कनेक्टर किंवा लाल बटण सीटवरून पोहोचलंच पाहिजे. काँटॅक्टरचे काँटॅक्ट कधी कधी एकमेकाला वेल्ड होतात, म्हंजे तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला, चावी बंद केली, तरी गाडी जातच राहते. पॉलीहाउसच्या अरुंद पट्टीत समोर बाई रोपं लावत बसलेली आणि गाडी थांबत नाही, हे चित्र डोळ्यासमोर आणा. चालत्या लोडवर कनेक्टर ओढला तर त्याचे काँटॅक्ट जळतील, जळू देत, नवा मिळतो. तसंच सीटखालचा स्विच, माणूस उठला की गाडी बंद करणारा, कुणी वायर जोडून कायमचा चालू करून टाकला असेल तर पहिल्यांदा तो सरळ करा. भंगारातनं आलेल्या गाडीत तो बहुतेक वेळा जोडलेलाच असतो.

बरं, आता फॉल्ट शोधणं. सगळ्यात आधी एक तपासणी करा जी फार कमी लोकं करतात आणि तिला पाच मिनिटं पण लागत नाहीत. या गाड्यांत बॅटरीचं कुठलंच टोक चेसिसला जोडलेलं नसतं, कारसारखं निगेटिव्ह बॉडीला नसतं. तसं आपल्या गाडीत पण आहे ना हे बघून घ्या. मग मल्टीमीटर डीसीवर ठेवून पॉझिटिव्ह ते चेसिस मोजा आणि निगेटिव्ह ते चेसिस मोजा. सगळं कोरडं, स्वच्छ असेल तर दोन्हीकडं आकडा शून्याकडं घसरतो. समजा निगेटिव्ह ते चेसिस १२ आला आणि पॉझिटिव्ह ते चेसिस २४, तर गळती निगेटिव्हकडनं मोजत दुसऱ्या बॅटरीच्या पुढच्या टोकाला आहे, तिथंच जाऊन बघा. मीटर जागा पण सांगतो, किती सोपं आहे बघा. मग मीटरच्या जागी, जिथं आकडा जास्त आला ते टर्मिनल आणि चेसिस यांच्यामध्ये, टेस्ट लॅम्प लावा. ट्रकचे २४ व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडले की ३६ साठी झकास टेस्ट लॅम्प होतो. लॅम्प पेटला तर केबल कुठंतरी खरोखर बॉडीला घासलीय, उंदरानं कुरतडलीय, नाहीतर मोटरच्या आतलं वाइंडिंग बॉडीला लागलंय. लॅम्प पेटला नाही आणि मीटरच व्होल्ट दाखवतोय तर बॅटरीच्या डोक्यावर ॲसिडची ओल आणि धूळ मिळून चिखल झालाय. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं पुसा, फेस यायचा बंद होईपर्यंत, पण सेलची झाकणं घट्ट लावून, आत एक थेंब सोडा जाता कामा नये. आपल्याकडं खानापूर, जांबोटी बाजूला पाऊस म्हंजे काय असतो ते सांगायला नको, जून ते सप्टेंबर शेडमधली हवाच ओली असते, तेव्हा ही गळती हमखास होते आणि बॅटऱ्या उभ्या उभ्या उतरतात.

गाडी अजिबात हलत नसेल तर कान द्या. काँटॅक्टरचा 'टक्' आवाज येतो का? नाही आला तर बिघाड छोट्या वायरिंगमध्ये आहे, कंट्रोल फ्यूज, चावी, सीट स्विच, ॲक्सिलरेटरखालचा मायक्रो स्विच, या क्रमानं टेस्ट लॅम्प घेऊन जा. आवाज आला पण गाडी हलली नाही तर काँटॅक्टरच्या दोन मोठ्या बोल्टवर मीटर लावा, तो ओढलेला असताना तिथं जवळपास शून्य दिसलं पाहिजे, पूर्ण ३६ दिसले तर आतले काँटॅक्ट जळालेत, टेकतच नाहीत. तिथं शून्य आहे आणि मोटरच्या टर्मिनलवर ३६ पोहोचलेत तरी मोटर गप्प, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारा ब्रश) अडकलाय किंवा संपलाय. एका ठराविक स्पीडलाच गाडी मरते आणि बाकी स्पीडला चालते तर जुन्या गाडीत रेझिस्टरचा तो टप्पा तुटलेला असतो, बघताच दिसतो. काँटॅक्टर बदलताना कॉइलवरचा छोटा डायोड बघून घ्या, उलटा लावला तर थेट शॉर्ट.

पण सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हंजे "गाडी चालते पण ताकद नाही." आणि इथं माणसं उगाच पैसा घालवतात. खानापूर रोडच्या एका नर्सरीतली गोष्ट, मालक मामा ओळखीचे, गाडी सकाळी बरी चालायची आणि शेताच्या चढावर माती भरलेली ट्रॉली घेऊन थांबायची. मला बघताच म्हणाले, "बॅटऱ्याच बाद झाल्यात म्हणूलेत सगळे, नव्याच घालूया काय?" मी म्हटलं थांबा मामा, आधी मोजू. बॅटऱ्या उभ्या गाडीवर मोजल्या तर प्रत्येकी ६.३ च्या आसपास, सगळ्या छान. उभ्या गाडीवरचा व्होल्टेज म्हंजे काहीच नाही, तो आजारी बॅटरीचा पण चांगला येतो. म्हणून गाडी ट्रॉलीसकट चढावर उभी केली, मामा सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून हळू ॲक्सिलरेटर देत होते, केबलवर क्लॅम्प मीटर, तोच डीसी मोजणारा, आणि मी बाजूला उभा राहून मल्टीमीटरच्या दोन पिना एकेका जोडावर ठेवत गेलो. पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर ठेवायची आणि दुसरी पिन केबलच्या लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला, बोल्टात अडकवायचा तुकडा), मग तो लग आणि केबलची तांब्याची तार, मग पुढचा जोड. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. चौथ्या आणि पाचव्या बॅटरीच्या मधल्या केबलवर १.४ व्होल्ट दिसले, १२० अँपिअरला. म्हंजे त्या एका लगमध्ये १६८ वॅट जळत होते, सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत. वरून केबल काळी, धड दिसत होती. इन्सुलेशन मागं सारलं तर आतली तार तपकिरी, निम्मे धागे हिरव्या पावडरसारखे झालेले, ॲसिड केबलच्या आत चढत गेलं होतं. कुणीतरी लग हातोडीनं चेपून बसवला होता. केबल कापून, नवीन लग हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून, वर हीट श्रिंक, आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली. गाडी चढ चढली. सहा नव्या बॅटऱ्यांचे पैसे मामांच्या खिशातच राहिले.

ही व्होल्टेज ड्रॉपची, म्हंजे लोडवर एकेका जोडावर किती व्होल्ट पडतात ते मोजायची पद्धत मनापासून शिकून घ्या. ओहममध्ये मोजून इथं काही कळत नाही, साधा मल्टीमीटर ०.०१ ओहम दाखवतच नाही, आणि २०० अँपिअरच्या गाडीत ०.००५ ओहम म्हंजे १ व्होल्ट आणि २०० वॅट गेले. मोजताना मात्र माणूस गाडीच्या पुढं किंवा मागं उभा नको, बाजूलाच, आणि चाकांना दगड.

याच पद्धतीनं कमजोर बॅटरी पण सापडते. लोडवर पाच बॅटऱ्या ५.८ ला आहेत आणि एक ४ वर आपटते, तर तीच. सहा बैलांच्या नांगराला एक बैल लंगडा असला की बाकी पाच पण त्याच्याच चालीनं जातात, सिरीजचं तसंच. मग हायड्रोमीटर काढा, सेल सेल तपासा, ज्या सेलचं ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) बाकीपेक्षा ०.०५० नं खाली आहे तो गेला. आणि एकच नवी बॅटरी जुन्या पाचांत घालू नका, जुन्या तिला पण ओढतात, त्याच वयाची चांगली सेकंडहँड मिळाली तर बरी.

मोटर बाहेर काढून तपासायची असेल तर आणखी एक. यातल्या बऱ्याच मोटरी सिरीज असतात, म्हंजे फील्ड (स्थिर भागाची कॉइल) आणि आर्मेचर (फिरता भाग) एकामागं एक जोडलेले, आणि सिरीज मोटरला लोड नसताना पूर्ण ३६ दिले तर ती स्पीड वाढवतच जाते, आर्मेचरच्या तारा बाहेर फेकेपर्यंत. टेबलावर बघायची तर एकच १२ व्होल्टची बॅटरी लावा, मोटर शिकंज्यात घट्ट बांधून, आणि थोडा वेळच. शंट फील्डची असेल, म्हंजे फील्ड आर्मेचरला समांतर जोडलेली, जशी इलेक-ट्रॅकच्या मोठ्या मॉडेलात फील्ड कमी करून स्पीड वाढवायची पद्धत होती, तर फील्डची वायर तुटलेली नाही ना हे आधी बघा, फील्डशिवाय आर्मेचरला करंट दिला तर ती पण पळते नाहीतर नुसतीच जळते.

आता चार्जर, आणि इथं शॉकचा खरा धोका आहे. दिवसभर ३६ व्होल्टच्या गाडीत बिनधास्त हात घालणारा माणूस त्याच सवयीनं चार्जरमध्ये हात घालतो आणि तिथं २३० आहेत. जुन्या चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरचं व्हार्निश पन्नास पावसाळे बघून सुटलेलं असतं. बॅटरी आणि डायोड दोन्ही सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारा, प्रायमरी (२३० ची बाजू) ते बॉडी आणि प्रायमरी ते सेकंडरी (बॅटरीची बाजू). १ मेगाओहमच्या खाली आला तर तो चार्जर वापरायचा नाही, वाळवून, व्हार्निश करून परत मोजायचा. थ्री-पिन प्लग, खरं अर्थिंग, आणि त्या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). शेतातल्या शेडमध्ये अर्थिंगची वायर नुसती खिळ्याला बांधलेली असते, ते अर्थिंग नव्हे. कुणी परदेशातनं जुनी गाडी आणली असेल तर तिथला चार्जर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो, स्टेपडाउन लावून व्होल्ट जुळतील पण आपल्याकडं ५० हर्ट्झ आहे, त्यावर तो ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. इकडचाच ३६ व्होल्टचा चार्जर घेणं शहाणपणाचं.

चार्जिंग होताना सेलला २.४ व्होल्टच्या आसपास गॅस सुटायला लागतो, म्हंजे पॅक ४३ ला पोचला की. हा हायड्रोजन, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीनं फुटतो. पावसात शेडचं शटर खाली ओढून रात्रभर चार्जिंगला लावतात ते बंद करा, हायड्रोजन वर जातो, तर वरच्या बाजूला झरोका पाहिजे. आधी भिंतीवरचा स्विच बंद, मग गाडीचा कनेक्टर काढायचा, उलटं केलं तर ठिणगी अगदी गॅसच्या तोंडाशी पडते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला, आधी घातलं तर फुगून बाहेर येतं आणि परत तोच डोक्यावरचा चिखल. प्लेटी उघड्या पडल्या असतील तेवढ्यापुरतं मात्र आधी घाला.

सुट्या भागांचं विचाराल तर घाबरायचं कारण नाही, बेळगाव त्यासाठी चांगलं गाव आहे. कार्बन नेमका मिळाला नाही तर त्याच ग्रेडचा मोठा घेऊन घासून मापाला आणतात, फक्त ग्रेड बघा, कारच्या स्टार्टरचा तांबं जास्त असलेला कार्बन या मोटरीला घालू नका, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्या) खाऊन टाकतो. कम्युटेटर लेथवर हलका कट घेऊन साफ करणारे, पट्ट्यांमधला माइका खाली कोरून देणारे, ग्राउलर नावाच्या यंत्रावर आर्मेचरमधला शॉर्ट तपासून वाइंडिंग करणारे उद्यमबागेत आहेत. एमरी पेपर कम्युटेटरला लावू देऊ नका, त्याची कणी पट्ट्यांमधे बसून करंट खाते, बारीक काचपेपर चालतो. आतली कार्बनची काळी धूळ ब्लोअरनं उडवू नका, व्हॅक्यूमनं ओढा आणि तोंडाला मास्क बांधा. आणि मोटर खोलायच्या आधी प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा नंबर लावून मोबाइलवर फोटो काढा, फील्डच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी पुढं म्हटल्यावर मागं येते, आणि मागं ट्रॉलीजवळ कुणीतरी उभं असतंय.